काढलेली घरं

नाताळ आणि सहा जानेवारी यांच्या मधल्या दिवसांत धुणं वाळत घालायचं नाही, हे मला जर्मनीतल्या आखनमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर होत्या, मागे अरुंद लाकडी गॅलरी होती. तिथे मी एक पांढरी चादर दोरीवर टाकली. थोड्या वेळाने घरमालकीणबाई जिना चढून आल्या. रागावलेल्या नव्हत्या. आजारी माणसाशी बोलावं तशा हळू बोलत होत्या. या दिवसांत ज्या घरात चादर वाळते, त्या घरात वर्षाच्या आत तीच चादर प्रेतावर घालावी लागते, असं त्यांनी सांगितलं. मग स्वतःच ती ओली चादर दोरीवरून ओढली, घडी घालून माझ्या हातात दिली, आणि विषय बदलावा म्हणून विचारलं, नव्या वर्षात काय करायचं ठरवलंय?

मी म्हटलं, चित्रं काढणार आहे.

माझं शिक्षण चित्रकलेचं. मुंबईत डिप्लोमा केला, पुण्यात मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवलं, मग लग्न झालं, आणि वर्षभरात यांना आखनच्या तांत्रिक विद्यापीठात डॉक्टरेटसाठी जागा मिळाली. जमिनीखालचं पाणी हा यांचा विषय. परक्या नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत तिथल्या साहेबाने मला न विचारताच माझ्या व्यवसायापुढे 'हाउसफ्राऊ', म्हणजे गृहिणी, असं लिहिलं. मी चित्रकार आहे असं मी अडखळत म्हटलं, तर तो हसून 'जा, जा' म्हणाला. जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'हो, हो' असा होतो, पण माझ्या मराठी कानाला ते हाकलल्यासारखंच वाटलं.

दोन वर्षं मी कॅथीड्रलची कार्डं काढून एका स्टेशनरीच्या दुकानात ठेवत होते. बाहेरगावचे लोक ती विकत घेत. शिखर, घुमट, कबुतरं; पुढेपुढे कबुतरं तर मी न बघताच काढायला लागले. त्या डिसेंबरात दुकानदाराने ईस्टरसाठी आणखी कार्डं मागितली आणि मी नको म्हटलं. येत्या वर्षी एकच काम करायचं, मोठं करायचं, ते भिंतीवर लावून लोकांना दाखवायचं आणि खाली सही करायची, एवढं माझ्या मनाने घेतलं होतं. कुठलं काम, तेही ठरलं होतं. त्याला कारण यांच्या विहिरी.

आखनपासून बसने तासाभरावर एक गाव होतं. गावाच्या खाली तपकिरी कोळसा होता. कोळशाची उघडी खाण दुसऱ्या गावांच्या शेतांमधून त्या गावाकडे सरकत येत होती. खाण खोल न्यायची तर आधी जमिनीतलं पाणी उपसावं लागतं, म्हणून खाणीच्या कडेने पंप बसवलेले होते आणि ते कधीच थांबत नसत. पाणी कुठवर उतरलं हे गावातल्या जुन्या विहिरींमध्ये मोजायचं काम यांच्याकडे होतं. दर गुरुवारी हे जात. नाताळच्या आधी एकदा मी नुसतीच सोबत गेले.

मोजायचं साधन साधं होतं. पोलादी फितीच्या टोकाला धातूची एक पोकळ नळी. ती पाण्याला टेकली की आतली हवा वर ढकलली जाऊन शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की फितीवरचा आकडा वाचायचा. हे विहिरीच्या काठावर वाकून फीत सोडत होते आणि मी कान देऊन उभी होते. फीत गेली, गेली, आणि संपली. शिट्टी वाजलीच नाही. मागच्या महिन्यात इथे पाणी होतं, असं हे म्हणाले आणि फीत गुंडाळायला लागले. त्या अंगणात एक म्हातारी कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिने आमच्याकडे बघितलं नाही. शिट्टी वाजली नाही हे तिलाही ऐकू आलं होतं.

गाव जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. चार-पाच मैलांवर नवं गाव बांधायला सुरुवात झाली होती. जुन्याचंच नाव त्याला द्यायचं ठरलं होतं. या सगळ्याला ते लोक 'उमझीडलुंग' म्हणत, म्हणजे एक वस्ती उचलून दुसरीकडे बसवणं. कंपनीचा माणूस घरोघर जाऊन किमती ठरवत होता, आणि किमती वाईट नव्हत्या असंही लोक सांगत. मला दिसत होती ती घरं. विटांची, बुटकी, प्रत्येक दार वेगळं; कुणी दारावर कोंबडा कोरलेला, कुणी उंबऱ्याला जुन्या गिरणीचं जातं बसवलेलं. त्या दिवशी बसमध्ये मी यांना म्हटलं, या गावातलं प्रत्येक घर मी काढणार. टाक, काळी शाई आणि वर पाणी मिसळलेल्या शाईचा हात. वर्षभरात.

"साठेक घरं आहेत," हे म्हणाले. "होईल?"

"गाव राहिलं तर होईल," मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो.

जानेवारीच्या पहिल्या गुरुवारी मी सुरुवात केली. हे एका विहिरीकडून दुसऱ्या विहिरीकडे जायचे आणि मी त्यांच्याच मागे, त्या त्या विहिरीशेजारचं घर घ्यायची. हातमोज्यांची बोटं कापून टाकली होती. थंडीने शाई घट्ट व्हायची, म्हणून दौत कोटाच्या आतल्या खिशात ठेवायची. पहिलं घर लोहाराचं. तो खूश झाला, कामाचा चामडी एप्रन बांधून दारात उभा राहिला, त्याच्या बायकोने मला कॉफी आणून दिली. चित्र झाल्यावर त्याने ते हात लांब करून पाहिलं आणि म्हणाला, गेनाऊ. म्हणजे अगदी असंच.

तीन गुरुवारांनंतर लोहाराचं घर रिकामं होतं. खिडक्यांवर फळ्या ठोकल्या होत्या. कंपनीशी त्याचा व्यवहार पक्का झाला होता आणि तो भावाकडे निघून गेला होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरं झालं, वेळेवर काढलं, असंच वाटलं.

दुसरं घर दोन अविवाहित बहिणींचं. त्याही महिन्याभरात घर सोडून गेल्या. तिसरं घर रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका आजोबांचं. त्यांनी मला बसायला खुर्ची आणली, पायांखाली गोणपाट घातलं आणि मी काढत होते तेवढा वेळ शेजारी उभं राहून भारतातल्या आगगाड्यांविषयी विचारत राहिले. पुढच्या गुरुवारी बसमधून उतरलो तेव्हा चर्चची घंटा वाजत होती. आजोबा रविवारी वारले होते. त्यांच्या दाराशी लोक जमले होते, आणि आम्ही दोघं जवळून जाताना त्यांच्यातल्या एका बाईने माझ्या हातातल्या चित्राच्या फळीकडे बघून छातीवर क्रूसाची खूण केली.

मराठीत घर काढणं याचे दोन अर्थ होतात. त्या बाईला मराठी येत नव्हतं, पण तिला जो अर्थ लागला तो दुसरा होता.

त्यानंतर गाव बदललं. मी एखाद्या घरासमोर फळी मांडली की आतून पडदा ओढला जाई. एका तरुण बाईने बाहेर येऊन अगदी नम्रपणे विचारलं, आज तुम्ही पलीकडचं घर घ्याल का, माझं बाळ आजारी आहे. मी पलीकडे गेले, तर पलीकडच्या माणसाने आपली घोडागाडी आणून माझ्या आणि दाराच्या मधे उभी केली. कुणी मला शिव्या दिल्या नाहीत. 'गुटेन टाग', नमस्कार, एवढं सगळे म्हणत. म्हणत आणि वाट सोडून बाजूला होत.

गावात एक बेकरी होती, सत्तरीला टेकलेली एक विधवा ती चालवत असे. थंडीत बोटं शेकायला मी तिथे जायची. आत शिरले की बायका बोलायच्या थांबत आणि आपापल्या पिशव्या उचलून निघून जात. बेकरीवालीबाई मात्र मला भट्टीच्या बाजूला उभं राहू देत. एकदा दुकान असं रिकामं झाल्यावर त्या म्हणाल्या, "माझं घर काढायचं नाही. भट्टी नाही, दार नाही, खिडकीसुद्धा नाही."

मी म्हटलं, "तुम्हीही त्यावर विश्वास ठेवता?"

"विश्वासाचं मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "महायुद्धाच्या शेवटी हे गाव आघाडीवर होतं. आम्हाला हाकलून लावलं. परत आलो तेव्हा या खोलीला छप्पर नव्हतं आणि भट्टीच्या जागी विटांचा ढीग होता. नवरा परत आला नाही. ही भट्टी मी माझ्या हातांनी रचली, एकेक वीट घासून. मला अजून थोडे दिवस पाव भाजायचेत. एवढंच." मग त्यांनी दोन गरम ब्रोट्शेन, म्हणजे तिथले छोटे पाव, माझ्या कोटाच्या खिशांत घातले आणि मागे वळल्या.

मला स्वतःला काय वाटत होतं, ते सांगणं सोपं नाही. मी शिकलेली होते. पण आमच्या घरी, साताऱ्याला, भिंतीवर जेवढ्या तसबिरी होत्या तेवढी सगळी माणसं गेलेली होती; जिवंत माणसाची तसबीर लावायची पद्धतच नव्हती. लहानपणी मी आत्याचं चित्र काढायला बसले तर ती उठून आत निघून गेली होती. जाताना म्हणाली होती, चित्र काढशील, मग हार कुठून आणशील? मी तेव्हा हसले होते. आता त्या गावात फळी मांडली की ते वाक्य कानात यायचं आणि पहिली रेघ मारायला हात धजत नसे.

यांना सांगितलं तेव्हा यांनी जेवणाच्या टेबलावर बोटाने नकाशा काढून दाखवला. पंप या कडेला आहेत. पाणी आधी या बाजूच्या विहिरींचं जातं, म्हणून मी आधी या बाजूच्या विहिरी मोजतो. खाणही याच बाजूने येतेय, म्हणून कंपनी घरंही याच बाजूची आधी घेते. आणि तू चालतेस माझ्या मागून. क्रम एकच आहे, तू काढलंस म्हणून कुणी जात नाही. ज्यांना आधी जायचंय त्यांची घरं तू आधी काढतेस.

"आणि ते आजोबा?" मी विचारलं.

"ते ऐंशी वर्षांचे होते," हे म्हणाले.

सगळं खरं होतं. तरी पुढच्या गुरुवारपासून मी मुद्दाम यांच्या मागे न जाता गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे एक शेतकरी होता, त्याच्याकडे दहा-बारा गाई होत्या. त्याने मला लांबून हाक मारली. त्याला नव्या गावात कोपऱ्यावरची मोठी जागा हवी होती आणि आपला नंबर लागायच्या आत ती दुसऱ्या कुणाला जाईल अशी भीती होती. त्याने गोठ्यातून स्टूल आणलं, रस्ता झाडला, आणि म्हणाला की माझं काढा, आजच काढा. इतरांनी तोंडं फिरवलेली असताना त्याचं ते बोलावणं ऐकून मला हसू आलं. मी काढायला बसले. धुराडं राहिलं असताना पाऊस आला, मी कागद गुंडाळला.

एप्रिल गेला, मे संपत आला, त्याच्याकडे कंपनीचा माणूस आला नाही. तो माझ्यावर चिडला. चित्र दाखवा म्हणाला. मी दाखवलं, तर त्याने बोट ठेवलं: धुराडं नाही. ते पुरं करा, मग होईल. मी तिथेच उभ्या उभ्या टाकाने धुराडं काढलं, चार रेघांचं काम होतं. पुढच्या गुरुवारी तो बसथांब्यावर माझी वाट बघत उभा होता. कंपनीचा माणूस मंगळवारी येऊन गेला होता, कोपऱ्याची जागा मिळाली होती. त्याने आनंदाने माझा हात धरून हलवला. त्याच्या मागे दोन बायका बसची वाट बघत होत्या, आणि त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती मी विसरलेले नाही.

मी घरी येऊन सगळी चित्रं कपाटावर टाकली आणि जून-जुलैत गावाकडे फिरकले नाही. यांनी विचारलं नाही. दुकानदाराला कार्डं हवीत का, असं मी विचारून आले. त्याने दुसऱ्या कुणाला काम दिलं होतं.

ऑगस्टमध्ये गावच्या पाद्रींचा निरोप यांच्याबरोबर आला. त्यांना चर्च काढून हवं होतं. मी गेले, कारण नाही म्हणायला कारण सापडलं नाही. पाद्री उंच, वाकलेले, पायांत जाड मोजे घालणारे होते. ते म्हणाले, लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे, मी प्रवचनात त्याविरुद्ध बोललोय, काही उपयोग झाला नाही. पण नव्या गावात सभागृह बांधलंय, त्याच्या भिंती कोऱ्या आहेत. तुम्ही काढलं नाहीत तर या लोकांकडे काय राहणार आहे?

चर्चमागच्या दफनभूमीभोवती उंच ताडपत्र्या लावल्या होत्या. आत काम चाललं होतं. फावड्यांचा आवाज येत होता, बोलण्याचा येत नव्हता. मृतांना आधी हलवायचं ठरलं होतं. वाऱ्याने एक ताडपत्री फडफडली की पाद्री बोलता बोलता थांबायचे, ती खाली बसली की पुढे बोलायचे. मी दोन दिवस लागोपाठ जाऊन चर्च काढलं आणि मग एकेक करत राहिलेली घरंही घेतली. आता पडदे ओढायला फारसं कुणी उरलं नव्हतं. रस्त्यावर बसलं की दूरवरून एक आवाज यायचा, जड साखळी जमिनीवरून फरफटत न्यावी तसा. खाणीतल्या यंत्राचा. जानेवारीत तो नव्हता.

ऑक्टोबरच्या एका सकाळी आमच्या जिन्यावर कुणीतरी थांबत थांबत चढत असल्याचं ऐकू आलं. दार उघडलं तर बेकरीवालीबाई. डोक्यावर चर्चला जाताना घालायची काळी टोपी, हातात फडक्यात गुंडाळलेला मोठा पाव. त्या कधी आखनला येत नसत. मी चहा केला. त्यांनी भिंतीवर आता टांगलेली सगळी घरं एकेक करून पाहिली. लोहाराच्या दारासमोर बराच वेळ थांबल्या.

मग खुर्चीवर बसून म्हणाल्या, "आता माझं काढा. भट्टी, आणि भट्टीशी मी."

मी नाही म्हटलं. कारणं सांगत बसले, आतला उजेड कमी असतो, माणसांची चित्रं मी काढत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्हाला भीती वाटते," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

"मलाही वाटत होती. तुम्ही येत नव्हता त्या दोन महिन्यांतही माझी विहीर आटलीच. तुम्ही नव्हता, तरी शेजारचे गेलेच. रोज पन्नास पाव करायची, आता आठ करते, तेही पाद्री आणि मी मिळून खातो. गुरुवारी या. भट्टी पेटलेली असेल."

गुरुवारी सकाळी मी शाईची दौत भरून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

बेकरीत भट्टी पेटलेली होती. बाईंनी पांढरा एप्रन घातला होता, बाह्या दुमडल्या होत्या, आणि लांब दांड्याचं लाकडी पातं, ज्याने पाव आत सरकवतात, ते हातात धरून त्या भट्टीच्या तोंडाशी उभ्या होत्या. मी खिडकीकडे पाठ करून बसले. आधी कमान काढली, मग विटा. त्यांच्या चेहऱ्याकडे मी शक्य तेवढा उशिरा वळले. कपाळ, नाक, मिटलेले ओठ. आठ पाव आत होते, त्यांचा वास सुटला होता. साखळीचा तो आवाज इथे आत, भिंतींमधून, जास्त स्पष्ट येत होता.

आणि मग दुसरा एक आवाज झाला. फार मोठा नव्हता. जाड लाकूड वाळताना कडकन तडकतं तसा. आम्ही दोघींनी वर पाहिलं. भट्टीच्या कमानीच्या मधल्या विटेपासून एक भेग वर चढत होती. चढताना दिसत होती. भिंतीच्या चुन्यातून ती छताकडे गेली आणि तिथे थांबली. वरून पांढरी भुकटी बाईंच्या खांद्यावर पडली. फटीतून भट्टीतला लाल उजेड दिसायला लागला.

मी उठले. फळी खाली पडली. बाहेर चला, असं मी मराठीत ओरडले आणि मग जर्मन शब्द आठवला.

त्या हलल्या नाहीत. त्यांनी आधी पातं आत घालून पाव बाहेर काढले, आठही, एकावर एक टोपलीत ठेवले. मग भट्टीचं लोखंडी झाकण लावलं, विस्तव पुढे ओढून त्यावर राख टाकली. हे सगळं त्यांनी रोजच्या गतीने केलं. खांद्यावरची भुकटी झटकली नाही. पातं पुन्हा हातात घेऊन होत्या तिथेच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बसा. अर्धं ठेवू नका. भेगही घ्या."

मी बसले. कमानीच्या उजव्या बाजूच्या राहिलेल्या विटा त्या चित्रात सरळ नाहीत. भेग मी शेवटी काढली. ती मात्र एका दमात, न थांबता आली. भीती आधी वाटते. जे व्हायचं ते समोर होऊन गेलं की माणूस नुसता बघतो.

हे विहिरींवरून परत आले तेव्हा मी त्यांना ती भेग दाखवली. जमिनीतलं पाणी उतरलं की माती बसते, सगळीकडे सारखी बसत नाही, मग घर दुभंगतं, असं ते म्हणाले. मग टोपी काढली आणि बाईंना म्हणाले की आज इथे झोपू नका. त्या पाद्रींच्या घरी झोपल्या. आठवड्याच्या आत त्यांचं सामान गेलं.

वर्ष संपायच्या आत मी गाव पुरं केलं. राहिलेली घरं काढताना मला भीती वाटली नाही असं नाही, पण आता ती आत कोण राहतं याची नव्हती, आत कुणी नव्हतंच. शेवटचं घर काढत होते तेव्हा पलीकडच्या गल्लीत पाडकाम सुरू झालं होतं आणि कागदावर सारखी विटांची धूळ बसत होती. ती फुंकत फुंकत मी ते घर काढलं.

नव्या गावाच्या सभागृहात जानेवारीत चित्रं लागली. सगळी घरं, रस्त्याच्या क्रमाने, दोन भिंतींवर समोरासमोर, म्हणजे मधून चाललं की गावातून चालल्यासारखं व्हावं. ही कल्पना पाद्रींची. लोक रविवारी चर्च सुटल्यावर आले. मला वाटलं होतं कुणी रडेल. कुणी रडलं नाही. प्रत्येक जण आपल्या घराशी जाऊन उभा राहिला, कोट न काढता, आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. दोन रांगांत, एकमेकांकडे पाठ करून, माणसं आपापल्या दारांसमोर उभी. गाईवाला शेतकरी तेवढा मोठ्याने बोलत होता. त्याला कोपऱ्याच्या जागेत गोठा बांधायची परवानगी मिळाली नव्हती आणि त्याने गाई विकून टाकल्या होत्या. रेल्वेतल्या आजोबांचा मुलगा लांबून आला होता. त्याने मला विचारलं, चित्रात ती खुर्ची कुठे आहे? तिच्यावर मी बसले होते, असं मी सांगितलं.

बेकरीवालीबाई आल्या. तब्येत चांगली होती. नव्या घरात विजेची शेगडी होती, पाव विकतचा आणत होत्या आणि तो कच्चा असतो अशी त्यांची तक्रार होती. आपलं चित्र बघून म्हणाल्या, मी इतकी म्हातारी आहे का? पुढे त्या बरीच वर्षं जगल्या. आम्ही भारतात परतल्यानंतरही दर नाताळला त्यांचं कार्ड यायचं.

सगळे पांगत होते तेव्हा एक जोडपं माझ्याकडे आलं. मी त्यांना ओळखत नव्हते. पन्नाशीचे असतील, दोघांच्या अंगावर चांगले कपडे, नवऱ्याने हॅट छातीशी धरलेली. ते शेजारच्या गावचे होते, खाणीच्या पलीकडच्या बाजूचे. त्याने सगळी चित्रं बघितली होती आणि त्याला ती आवडली होती, असं त्याने दोनदा सांगितलं. मग विचारलं, "यंदा काय करायचं ठरवलंय तुम्ही? कुठलं गाव?"

मी म्हटलं, अजून काही ठरवलेलं नाही.

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"मग आमच्याकडे येऊ नका," तो म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका. आमच्या विहिरीला अजून पाणी आहे."

मी बरं म्हटलं. त्याने हात पुढे केला, मी मिळवला. त्याची बायको निघताना माझ्या खांद्याला हलकेच हात लावून गेली.

मी गेले नाही. त्या वर्षी मी घरातल्या घरात भांडी, फळं, खिडकीतून दिसणारी छपरं असलं काहीबाही काढलं, आणि त्यातलं काही विकलंही गेलं. पुढच्या मार्चपासून यांच्या मोजणीत त्या गावाच्या विहिरी आल्या. दोन-तीन वर्षांत तेही गाव गेलं. तिथली दारं कशी होती मला माहीत नाही. त्या गावाचं माझ्याकडे एकही चित्र नाही, आणि माझ्या माहितीत दुसऱ्या कुणाकडेही नाही.